आरोग्याचे पान : उष्ण पडणे आणि ताप चढणे



घरात कुणाला दिवस गेले की भारतातून फोन सुरू होतात. पपई खाऊ नकोस, तीळ नको, उष्ण पडेल! आई-सासूबाईंचा हा जिव्हाळा हवाच. कच्ची पपई टाळावी हे खरेच; पिकलेलीला सहसा हरकत नसते. पण थर्मामीटरवर दिसणारी उष्णता वेगळी, आणि तिच्याकडे आपल्या घरांतून कमी लक्ष जाते, असे आम्हाला वाटते.

बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना बातमी ठाऊकही नसते. या काळात आईच्या शरीराचे तापमान १०२ अंश फॅरनहाइटच्या वर गेले, तर नळी नीट न मिटण्याचा धोका वाढतो.

म्हणून अपार्टमेंटच्या पूलशेजारचा हॉट टब वर्ज्य समजावा. त्यातले पाणी १०४ अंशांपर्यंत असते. अंग पाण्यात बुडालेले, त्यामुळे घामाने निवत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांतही आतून तापते. सॉनाही नको. मूल व्हावे असा विचार असेल, तर तेव्हापासूनच हे टाळावे. कोमट पाण्याची आंघोळ आणि साध्या पूलमधले पोहणे मात्र खुशाल चालते.

ताप अंगावर काढू नये. १००.४ अंश दिसताच डॉक्टरांना फोन करावा. औषध त्यांना विचारूनच घ्यावे. आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. विसाव्या आठवड्यापासून तर ते विशेष टाळायला सांगतात.

शेवटच्या महिन्यांत उन्हाचा त्रास निराळा. अंगातले पाणी कमी झाले तर अवेळी कळा येऊ शकतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, कोकम सरबत घेत राहावे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली तर सावलीत किंवा एसीत कुशीवर पडावे, मानेवर ओला रुमाल ठेवावा. बरे वाटेना, कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

मंडळाच्या उन्हाळी सहलीत पुरुषमंडळींनी ग्रिल सांभाळावी. गरोदर भगिनींसाठी सावलीतली खुर्ची आणि गार पाणी आधी, क्रिकेट नंतर!

पुढील अंकी भेटूच.