‘पी’च्या भरवशावर

इमारतीच्या तळघरातल्या उतारावर ऑटोमॅटिक गाडी थांबते. चालक लिव्हर ‘पी’वर, म्हणजे ‘पार्क’वर नेतो, ब्रेकवरचा पाय काढतो. गाडी चार बोटं घरंगळते, खट्‌कन अडते आणि तो लिफ्टकडे निघतो. हँडब्रेकला हात लागलेलाच नसतो. गाडी हलत नाही म्हणजे काम झालं, हा हिशेब सपाट जागेवर बहुतेक वेळा बरोबरही ठरतो.

पण ‘पी’ हा ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समधून चाकांकडे फिरणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चकती असते. लिव्हर ‘पी’वर गेला की एक छोटा पोलादी खटका तिच्या दातांत जाऊन बसतो. ते चार बोटं घरंगळणं म्हणजे खटक्याला दात सापडेपर्यंतचा प्रवास. उतारावर त्यानंतर गाडीचा सगळा भार त्या खटक्यावर येतो. म्हणूनच सकाळी लिव्हर काढताना जोर लावावा लागतो आणि धाडकन आवाज येतो. खटका मजबूत असतो, एरवी तुटत नाही. उभ्या गाडीला मागून जोराची धडक बसली तर मात्र त्याची खात्री देता येत नाही.

उपाय फक्त क्रमाचा आहे. पाय ब्रेकवर ठेवूनच लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) न्यावा, हँडब्रेक ओढावा, मग पाय हळूच सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. निघताना ब्रेक दाबून आधी ‘पी’ काढायचा, हँडब्रेक नंतर सोडायचा.

पंक्चर काढताना ‘पी’ आणि हँडब्रेक यांतला फरक जिवावर बेतू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणजे ‘पी’ही पुढचीच चाकं धरतो. त्यातलं एक चाक जॅकवर उचललं की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं. गाडी जॅकवरून सरकू शकते. हँडब्रेक सहसा मागची चाकं धरतो, म्हणून तिथे त्याला पर्याय नाही. शिवाय चाकाला दगड लावावा तो लावावाच.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणून आलेली गाडी खरं तर एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने बदलणारी असते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून ही स्वस्त सोय रुळली. यातल्या बहुतेक गाड्यांत ‘पी’ नसतोच. आर, एन, डी आणि काहींत एम, एवढंच. ‘एन’मध्ये इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला नाही, तर चाकांना धरणारं काहीच उरत नाही. एकाच घरात एक गाडी ‘पी’ची आणि दुसरी एएमटी असली, की हात पहिल्या गाडीच्या सवयीने वागतो आणि पाचगणीच्या चढावर दुसरी गाडी मागे निघते.

‘पी’ असलेल्या गाडीतही तो लागलाच आहे, हे गृहीत धरता येत नाही. जून २०१६ मध्ये ‘स्टार ट्रेक’मधला अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये घराच्या उतारावर स्वतःच्याच घरंगळलेल्या जीप ग्रँड चेरोकी आणि विटांच्या खांबाच्या मधे चिरडून मरण पावला. त्याचं वय होतं २७. त्या मॉडेलचा लिव्हर प्रत्येक वेळी मधल्या जागी परत येई, त्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे हाताला कळत नसे. ‘पी’ लागला असं समजून लोक उतरतात, म्हणून कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

हँडब्रेकवरचा एक आक्षेप खरा आहे. कोकणात गाडी पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवली, तर मागचे ब्रेक गंजून चिकटू शकतात. त्यामुळे आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी सपाट जागी, गिअरमध्ये किंवा ‘पी’वर, दगड लावून ठेवणं बरं. रोजच्या वापरात उलटं घडतं. कधीच न ओढलेल्या हँडब्रेकची केबल जाम होते आणि गरजेच्या दिवशी दगा देते.

बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक असलेल्यांनी ‘ऑटो होल्ड’ला पार्किंग ब्रेक समजू नये. तो सिग्नलवर पायाला विसावा देण्यासाठी आहे. उतरण्याआधी डॅशबोर्डवरचा लाल दिवा पाहावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालक जागेवर नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करायची, तर इंजिन बंद करून ब्रेक लावणं किंवा ती चुकून हलणार नाही अशी अन्य तजवीज करणं बंधनकारक आहे. ही जबाबदारी आज एकट्या चालकावर आहे. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टचा आणि वेगाचा इशारा देणारा गजर सक्तीचा झाला. ‘पी’ नसलेल्या गाडीत हँडब्रेक न ओढता चालकाने दार उघडलं, तर तसाच कर्कश गजर वाजावा, ही सक्ती करायला केंद्रीय परिवहन मंत्रालयाला अडचण नसावी.