तक्रार पोहोचली, पण कोणाकडे?

विशेष प्रतिनिधी

'आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे. हे संकेतस्थळ सुरक्षित ठेवण्यास मदत केल्याबद्दल आभार.' डोंबिवलीत राहणाऱ्या एका भाषांतरकार महिलेच्या ई-मेलच्या पेटीत याच मजकुराचे चार निरोप पडून आहेत. चारही तक्रारी एकाच जाहिरातीविरुद्ध आहेत. छापील पुस्तकाची शंभर पाने टंकलिखित करून द्यायची, मोबदला पाचशे डॉलर आणि 'अधिक माहितीसाठी' टेलिग्रामवर संपर्क, असे तिचे स्वरूप. पहिली तक्रार केल्यावर दोन दिवसांनी ती जाहिरात दिसेनाशी झाली. आठवडा उलटायच्या आत ती परत आली. मजकूर तोच, शुद्धलेखनाची चूकही तीच, बदलले होते ते फक्त काम देणाऱ्याचे नाव. चौथ्या खेपेनंतर या बाईंनी तक्रार करणे सोडून दिले. 'माझे काम भाषांतराचे आहे, पहारेकऱ्याचे नाही,' असे त्या म्हणतात.

फ्रीलान्सिंग संकेतस्थळांवरील बनावट कामांच्या जाहिराती हा विषय आता नवा राहिलेला नाही. फसवणूक झाली की तिची बातमी होते, गमावलेली रक्कम छापून येते. परंतु फसवणूक होण्यापूर्वीच जे सावध झाले, ज्यांनी सापळा ओळखून वेळेवर कळवले, त्यांच्या तक्रारीचे पुढे काय होते, याचा शोध क्वचितच घेतला जातो. वास्तविक ही तक्रार म्हणजे सर्वात स्वस्त आणि सर्वात आधीचा प्रतिबंध. तोच आज निष्प्रभ ठरतो आहे.

घरबसल्या बाजारपेठ

संगणकाच्या पडद्यावर जगभरची कामे आणून देणारी ही बाजारपेठ गेल्या दोन दशकांत उभी राहिली. सिडनीस्थित 'फ्रीलान्सर' २००९ मध्ये आणि इस्रायलमधील 'फायव्हर' २०१० मध्ये सुरू झाले. 'ईलान्स' व 'ओडेस्क' या जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून 'अपवर्क' हे नाव २०१५ मध्ये पुढे आले. काम देणारा जाहिरात टाकतो, काम करणारे प्रस्ताव पाठवतात आणि व्यवहार ठरला की संकेतस्थळ आपले शुल्क कापून घेते, अशी ही साधी रचना. टंकलेखन, भाषांतर, लेखापालन, चित्रांकन, संगणक प्रणालींचे लेखन अशी कामे करणारे मुंबई-पुण्यापासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत पसरले आहेत. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रिया, पदवी हाती असूनही नोकरी न लागलेले तरुण आणि निवृत्तीनंतर चार पैसे मिळवू पाहणारे ज्येष्ठ यांना या बाजारपेठेचा मोठा आधार वाटतो.

निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील 'गिग' कामगारांची संख्या २०२०-२१ साठी सुमारे ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज वर्तवला. या आकड्यात घरोघरी वस्तू पोहोचवणारे आणि वाहनचालकही आहेत. तरीही पारंपरिक नोकरीबाहेर रोजगार शोधणाऱ्यांचा ओघ केवढा आहे, हे त्यावरून ध्यानात येते. जेथे गरजवंतांची गर्दी, तेथे भामट्यांचा वावर हे ओघानेच आले.

सापळ्यांचे नाना प्रकार

यातील सर्वात जुना प्रकार अनामत रकमेचा. काम मिळाल्याचे कळवले जाते, मग 'नोंदणी' किंवा 'सुरक्षा ठेव' म्हणून पाचशे-हजार रुपये मागितले जातात आणि पैसे भरताच समोरचा नाहीसा होतो. दुसरा प्रकार अधिक क्रूर आहे. माहिती भरण्याचे काम दिले जाते, ऑनलाइन करारावर सही घेतली जाते आणि काम पूर्ण झाल्यावर अचूकता ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी असल्याचे सांगून वकिलाच्या नावाने नोटीस धाडली जाते. कोर्टकचेरीच्या नुसत्या उल्लेखाने गर्भगळीत झालेली माणसे 'दंड' भरून मोकळी होतात. काम केले ते केले, वर पदरचे पैसेही गेले!

तिसरा प्रकार 'टास्क'चा. चित्रफितींना पसंती द्या, हॉटेलांना तारे द्या, असे किरकोळ काम सांगून सुरुवातीस शे-दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा केले जातात. विश्वास बसला की पुढच्या कामासाठी आधी स्वतःचे पैसे गुंतवावयास सांगतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४ मध्ये या प्रकाराविषयी दिलेली माहिती बोलकी आहे. २०२० मध्ये अशा तक्रारी नव्हत्याच. २०२३ मध्ये त्या सुमारे ५ हजार झाल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २० हजारांवर गेल्या. त्या सहामाहीत नोकरीविषयक सर्व फसवणुकींत मिळून लोकांनी गमावलेली रक्कम २२ कोटी डॉलरच्या पुढे होती.

आपल्याकडेही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये गुंतवणूक व अर्धवेळ कामाच्या नावाने फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्याची शिफारस केली आणि त्यानुसार ती बंद झाली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, देशात सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये बुडाले होते, तर २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात ही तिप्पट वाढ आहे.

चौथा प्रकार पैशांचा नाही, ओळखीचा आहे. 'तुमचे खाते आम्हाला वापरावयास द्या, दरमहा भाडे देऊ' अशी मागणी अनेक जुन्या, चांगला शेरा असलेल्या फ्रीलान्सरांना येते. ही मागणी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. उत्तर कोरियाचे संगणकतज्ज्ञ परक्याच्या ओळखीआड फ्रीलान्सिंग संकेतस्थळांवरून कामे मिळवतात, असा इशारा अमेरिकेने मे २०२२ मध्ये अधिकृतपणे दिला होता. अशाच उत्तर कोरियाई तज्ज्ञांना तीनशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांत दूरस्थ कामे मिळवून देण्यास साह्य केल्याबद्दल ॲरिझोनातील एका महिलेस जुलै २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. भाड्याने दिलेले खाते कोणाच्या हाती पडते, हे देणाऱ्यास कळतच नाही. संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांना 'चाचणी' म्हणून पाठवल्या जाणाऱ्या फायलींत घातक प्रोग्राम दडवण्याचा प्रकारही २०२३ पासून सुरक्षातज्ज्ञांनी उघडकीस आणला आहे.

घोडे अडते कोठे?

मग तक्रार करूनही ही जाहिरात परत येते कशी? यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे गुन्ह्याची विभागणी. जाहिरात एका संकेतस्थळावर असते, बोलणे टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर होते आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या बँक खात्यात जातात. संकेतस्थळावर उरते ते केवळ एक साधे, सभ्य भाषेतील निमंत्रण. तपासणाऱ्याला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. 'व्यवहार आमच्या संकेतस्थळाबाहेर झाला, तो नियमभंग तुमचाच,' असे उत्तर तक्रारदाराला ऐकावे लागते. पोलिसांकडे जावे तर पहिला प्रश्न येतो, 'पैसे किती गेले?' गेले नसतील तर नोंदवायचे काय, हे दोघांनाही उमगत नाही.

दुसरे कारण म्हणजे तक्रारीचे एकतर्फी स्वरूप. जाहिरातीखालचे बटण दाबावे, चार-पाच पर्यायांतून एक निवडावा, की तक्रारदाराचे काम संपले. तिची छाननी माणसाने केली की यंत्राने, निर्णय काय झाला आणि खाते कायमचे बंद झाले की ती एकच जाहिरात हटली, यापैकी काहीही त्याला सांगितले जात नाही. समोरच्याच्या गोपनीयतेचे कारण त्यासाठी पुढे केले जाते. उत्तर येत नाही, म्हणून तक्रारी थांबतात. तक्रारी थांबल्या की 'आता तक्रारी कमी झाल्या' असे म्हणावयास संकेतस्थळ मोकळे.

तिसरे कारण अर्थकारणाचे. कामांच्या जाहिरातींची भरघोस संख्या हेच या बाजारपेठेचे भांडवल. शिवाय काही संकेतस्थळांवर प्रस्ताव पाठवण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. अपवर्कवर त्यासाठी 'कनेक्ट' नावाचे गुण विकत घ्यावे लागतात आणि एका गुणाची किंमत १५ सेंट ठेवण्यात आली. एकेका प्रस्तावास असे अनेक गुण खर्ची पडतात. जाहिरात खरी असो वा खोटी, प्रस्ताव पाठवणाऱ्याचा खर्च आधी होतो. कंपन्या जाणूनबुजून भामट्यांना थारा देतात, असा याचा अर्थ नव्हे. फसवणुकीने त्यांचेही नाव बदनाम होतेच. पण चाळणी बारीक करण्याचा खर्च कंपनीने सोसायचा आणि ती जाड राहिल्याचे नुकसान फ्रीलान्सरने सोसायचे, अशी रचना असली की चाळणी बारीक करण्याची घाई कोणाला असणार?

कायदा आहे, पण...

भारतीय कायदा या बाबतीत मुका नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'मध्यस्थ' या व्याख्येत ऑनलाइन बाजारपेठांचा स्पष्ट समावेश आहे. याच कायद्याचे ६६-ड हे कलम संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास शिक्षा सांगते, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील ३१८ वे कलम फसवणुकीचे आहे. २०२१ च्या नियमांनुसार मध्यस्थाने तक्रार अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावावा. मूळ नियमांत ही मुदत १५ दिवसांची होती. त्या निकालावर समाधान न झाल्यास दाद मागण्यासाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्याही स्थापन केल्या.

पण जाहिरातीखालचे बटण दाबणे आणि तक्रार अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे म्हणण्यास संकेतस्थळाला वाव राहतो. त्या अधिकाऱ्याचा पत्ता पानाच्या तळाशी, अटी-शर्तींच्या जंजाळात शोधावा लागतो. दुसरीकडे कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना, मजकूर हटवण्याची जबाबदारी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावरच निर्माण होते, असे स्पष्ट केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निर्णय मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र मतप्रदर्शन आणि बनावट नोकरीची जाहिरात यांना एकाच मापाने मोजावे काय, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो.

युरोपीय संघाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार बेकायदा मजकुराविषयी सूचना देणाऱ्यास संकेतस्थळाने पोच तर द्यायचीच, शिवाय काय निर्णय घेतला आणि त्यावर दाद कोठे मागता येईल, हेही कळवायचे. ज्यांच्या सूचना नेहमी अचूक ठरतात, अशा मान्यताप्राप्त संस्थांच्या तक्रारींना अग्रक्रम देण्याची तरतूदही त्यात आहे. आपल्याकडे संकेतस्थळ तेच असते, बटणही तेच असते. उत्तर मिळण्याचा हक्क तेवढा ठळक नसतो.

वरातीमागून घोडे नकोत

संकेतस्थळांच्या अडचणीही समजून घ्यावयास हव्यात. स्पर्धकाचे खाते बंद पाडण्यासाठी केलेल्या खोट्या तक्रारी त्यांच्याकडे येतात. काम देणाऱ्याची पडताळणी फार कडक केली, तर पहिल्यांदाच काम देऊ पाहणारा एखादा प्रामाणिक छोटा दुकानदार माघारी फिरतो. परंतु हटवलेला मजकूर जसाच्या तसा परत आल्यास तो आपोआप अडवणे, पहिल्याच निरोपात टेलिग्रामचा पत्ता देणाऱ्याची जाहिरात रोखून धरणे, पैसे भरण्याचे साधन पडताळल्याशिवाय जाहिरात न दाखवणे आणि बनावट जाहिरातीवर खर्च झालेले गुण परत करणे, यात अशक्य असे काही नाही. तक्रारदाराला 'जाहिरात हटवली' किंवा 'हटवली नाही, कारण अमुक' एवढी एक ओळ पाठवण्यास तर कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

सरकारच्या बाजूनेही एक दुवा जोडणे बाकी आहे. पैसे गेल्यानंतर तातडीने फिरवावयाचा १९३० हा क्रमांक आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याचबरोबर cybercrime या राष्ट्रीय पोर्टलवर पैसे गेले नसले तरी संशयित दूरध्वनी क्रमांक, टेलिग्रामची ओळख किंवा संकेतस्थळाचा पत्ता कळवण्याची सोय आहे. संशयास्पद कॉल व संदेशांसाठी दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये 'चक्षू' ही सुविधा सुरू केली. या सोयींचा लाभ घ्यावयाचा तर जाहिरातीचा पत्ता, काम देणाऱ्याचे नाव आणि संभाषणाची छायाचित्रे जाहिरात नाहीशी होण्यापूर्वीच जपून ठेवली पाहिजेत. तक्रार बटणावर न थांबता तक्रार अधिकाऱ्याच्या ई-मेलवरही गेली पाहिजे, म्हणजे अपिलाचा मार्ग खुला राहतो. परंतु ही सारी वणवण प्रत्येक फ्रीलान्सरने एकट्याने करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. एका ठिकाणी केलेली तक्रार संकेतस्थळाकडून थेट सायबर यंत्रणेपर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था झाली तरच तिला अर्थ उरेल.

फ्रीलान्सरला ना मालक असतो, ना संघटना, ना भविष्यनिर्वाह निधी. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात नाव दिले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. मात्र फसवणुकीविरुद्धच्या तक्रारीची हमी तीत शोधून सापडणार नाही. डोंबिवलीच्या त्या बाईंचे एका रुपयाचेही नुकसान झालेले नाही. त्यामुळे कोणत्याही आकडेवारीत त्यांची नोंद होणार नाही. पण त्यांनी पाचवी तक्रार केली नाही आणि ती जाहिरात अजून कोणा गरजवंताची वाट पाहत पडद्यावर झळकते आहे. सावध माणसाचा आवाज बंद पडणे, ही भामट्याची पहिली कमाई असते. ती थांबवावयाची असेल, तर 'आभार' नव्हे, उत्तर पाठवावे लागेल.