'डब्ल्यू'नं पुसली यादी, 'ए'नं वाचवली आजी

तिळगूळ खाऊन झाला असेल, तर आज थोडं सी प्रोग्रामिंग.

दर १४ जानेवारीला दिल्ली परिसरातली बरीच मराठी मंडळी पानिपतजवळच्या काला अंबला जातात. १७६१ साली याच दिवशी तिथे पानिपतची तिसरी लढाई झाली. यंदा आमच्या सोसायटीनंही बस ठरवली. नावं लिहून घ्यायचं काम भाचीकडे. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. म्हणाली, "मावशी, वही कशाला? सीमध्ये प्रोग्राम लिहिते."

तीन संध्याकाळी फोन आले, तिनं नावं भरली. चौथ्या दिवशी फाइल उघडली तर फक्त शेवटच्या संध्याकाळची सहा नावं! बाकीची गायब. त्यात वरच्या मजल्यावरच्या आजीही होत्या. वय ७८, "एकदा तरी ती जागा बघायचीय" म्हणून सगळ्यात आधी फोन त्यांचाच आला होता.

चूक एका अक्षराची. सीमध्ये फाइल 'एफओपन'नं उघडतात आणि ती कशासाठी उघडायची हे एका अक्षरानं सांगतात. 'आर' म्हणजे वाचायला. 'डब्ल्यू' म्हणजे लिहायला, पण आधीचं सगळं पुसून! फाइल नसेल तर नवी बनते, असेल तर उघडताक्षणी कोरी होते. विचारणा नाही, इशारा नाही. भाचीचा प्रोग्राम रोज संध्याकाळी कालची यादी पुसून नव्यानं सुरुवात करत होता. तिला हवा होता 'ए', म्हणजे आहे त्याच्या शेवटी जोड. (२०११ च्या सी प्रमाणात 'डब्ल्यूएक्स' आला; फाइल आधीच असेल तर तो उघडायलाच नकार देतो. असला पहारेकरी मला आवडतो.)

फोनमधले कॉल बघून आम्ही यादी पुन्हा जुळवली. या वेळी तिनं 'ए' लावला, आणि लगेच दुसरी गंमत! नावं भरून तिनं प्रोग्रामची खिडकी तशीच बंद केली, तर फाइलमध्ये काहीच नाही. 'एफप्रिंटएफ'नं लिहिलेलं आधी मेमरीत साठतं. फाइलकडे नक्की पाठवायचं काम 'एफक्लोज' करतं. पोळ्या डब्यात भरून झाकण लावलं तरी डबा पोचवायला हवा ना! आणि हो, 'एफओपन'नं 'नल' परत दिलं तर फाइल उघडलीच नाही, हे आधी तपासायचं. नवशिके नेमकं हेच गाळतात.

दिल्लीहून साधारण ९० किलोमीटर. काला अंबला आता आंब्याचं झाड नाही, विटांचा खांब आहे. तिथे मी भाचीला ते पत्र सांगितलं. पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी सांकेतिक भाषेत कळली म्हणतात: दोन मोती गळाले, म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही.

"म्हणजे साध्या शिपायांची यादीच नाही?" तिनं विचारलं.

"पुष्कळांची नाही."

ती बराच वेळ खांबाकडे बघत राहिली. तेवढ्यात आजी काठी टेकत आल्या. "काय गं, तुझ्या त्या यादीत माझं नाव कितवं?"

"शेवटचं, आजी. 'ए' लावला ना."

"असू दे. बसमध्ये खिडकी मिळाली."