गाववाले, बाहेरचे आणि ठेकेदार

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून 'बाहेरच्यांना हाकला' म्हणणं म्हणजे विनोदच आहे. हाकललं तर उरणार कोण? १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा पिंपरी हे खेडं होतं. शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. २०११ च्या जनगणनेत शहराने सतरा लाखांचा आकडा ओलांडला. एवढी जनता काय भोसरी-चिखलीच्या जुन्या वाड्यांत जन्मली?

आमचे वडील लातूरकडचे. भोसरीत लेथवर उभे राहिले, म्हणून मी इंजिनिअर झालो. आणि महापालिकेची निवडणूक आली की इथे 'गाववाले विरुद्ध बाहेरचे' सुरू होतं. त्यातले बाहेरचे म्हणजे कोण? आम्हीच! मराठवाडी, खानदेशी, सोलापूरकडचे, सगळे अस्सल मराठी. म्हणजे ही यादी भैयापाशी संपत नाही. तिथून फक्त सुरू होते.

२००८ आठवा. फेब्रुवारीत मनसेचं आंदोलन पेटलं, उत्तर भारतीय टॅक्सीवाले आणि भेळवाले चोपले गेले, पुण्या-नाशकातून हजारो कामगार मिळेल त्या गाडीने गावी पळाले. राज ठाकरेंना अटक झाली त्या दिवसांत नाशिकला दगडफेकीत एक माणूस गेला. एचएएलचा कर्मचारी, मराठी. दगडाला अर्थातच मातृभाषा कळली नाही. ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मारलं.

त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून असाच वणवा पेटला. 'परके आमच्या नोकऱ्या खातात.' बासष्ट माणसं मेली. गंमत (?) बघा, त्यातले एकवीस दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. मोझांबिकच्या एका मजुराला तर जिवंत जाळलं. हा तोच मोझांबिक, ज्याने मंडेलांच्या पक्षाच्या लोकांना आसरा दिला आणि त्यापायी १९८१ मध्ये मातोलावर गोऱ्या सरकारच्या फौजेचा हल्ला सोसला. सत्ता आली, भाषणांत आफ्रिकी बंधुभाव राहिला आणि झोपडपट्टीत शेजारी परका झाला. २०१५ आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच. जमाव शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेला, खाणमालकाच्या बंगल्यावर नाही.

आता चाकणला या. कंपनी भैयाला त्याच्या प्रेमापोटी ठेवत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहतात, जत्रेला सुट्टी मागत नाहीत, बारा तास सांगितले तर बारा तास उभे राहतात. हात मशीनमध्ये गेला तर भांडायला पाठीशी गाव नाही, कुणी पुढारी मामा नाही. हा त्याचा गुन्हा नाही, हाच त्याचा 'रेट' आहे. आणि खेड तालुक्यातल्या पोराला गेटवर 'लोकल नको' ऐकावं लागतं ते त्याच कारणाने, त्याच्या पाठीशी गाव आहे म्हणून. दोघांनाही एकच हिशोब मारतो. तो हिशोब लिहिणारा ठेकेदार मात्र पुष्कळदा आपलाच असतो. लेबर, स्क्रॅप, कॅन्टीन, गाड्या, सगळे ठेके त्याचेच. चौकातल्या फ्लेक्सवर 'भूमिपुत्रांचा आवाज' म्हणून हात जोडून हसतो तोही कधीकधी हाच!

"मग आमच्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय?" असं विचारणारच तुम्ही. प्रश्न खरा आहे, मी त्याला हसणार नाही. ऐंशी टक्के स्थानिकांना घ्या हा सरकारी आदेश कागदावर कित्येक वर्षं आहे, त्याने काय झालं? आणि बाहेरचे गेले की जागा मिळतात म्हणता, तर तोही प्रयोग होऊन गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते चालत गेले. जालन्याहून निघालेले सोळा जण ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. चाकण रिकामं झालं. मग रातोरात भूमिपुत्र पर्मनंट झाले? ठेका तसाच राहिला, फक्त त्यावरची नावं बदलली, आणि काही महिन्यांत जुनी माणसं परत आली.

जाता जाता आमच्या हिंजवडीबद्दल. 'बिहारी आले आणि शहर घाण केलं' हे फॉरवर्ड करणारेच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बीला एक लाख डॉलर फी लावल्यावर कळवळले. अमेरिकेतला कुणी म्हणाला, 'हे स्वस्तात काम करतात, आमच्या नोकऱ्या खातात', की तो वंशद्वेषी. आपण म्हटलं की अस्मिता. वा रे वा!

भैया आणि खेडचा पोरगा यांना एकाच मशीनवर एकच पगार मिळाला, तर भैया स्वस्त उरत नाही आणि ठेकेदाराला त्याला पसंत करायचं कारणही उरत नाही. पण हे दोघांनी मिळून मागावं लागेल, एकाने दुसऱ्याची खोली फोडून नाही. तेव्हा पुढचा मोर्चा जरूर काढा, मीही येतो. फक्त कुदळवाडीच्या खोल्यांवर नको. ठेकेदाराच्या ऑफिसवर नेऊ. हजेरीचं रजिस्टर आणि मागच्या वर्षाची पीएफची चलनं टेबलावर मागू, मराठीतून. बघू किती जण येतात.