टॅपिंगचा जनक कोण? स्टीव्ह हॅकेट, जेनेसिस आणि एक चुकीचा प्रश्न

१/ फेब्रुवारी १९७८. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील ‘इरप्शन’ हा दोन मिनिटांहूनही लहान तुकडा ऐकून गिटारवादक थक्क झाले. उजव्या हाताने तार छेडण्याऐवजी त्याची बोटे थेट फ्रेटबोर्डवर आपटून स्वर काढायचे, या तंत्राला ‘टॅपिंग’ म्हणतात. तेव्हापासून ते एडी व्हॅन हेलनच्या नावावर जमा आहे.

२/ जेनेसिस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या चाहत्यांना हे मान्य नाही, आणि त्यांचा पुरावा भक्कम आहे. १९७१ च्या ‘नर्सरी क्राइम’मधील ‘द रिटर्न ऑफ द जायंट हॉगवीड’ आणि १९७३ च्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’मधील ‘डान्सिंग विथ द मूनलिट नाइट’. दोन्हींत स्टीव्ह हॅकेटचे टॅपिंग स्पष्ट आहे.

३/ मात्र हाच न्याय पुढे नेला, तर हॅकेटचेही जनकत्व टिकत नाही. व्हित्तोरियो कामार्देसे हा पेशाने डॉक्टर असलेला इटालियन हौशी वादक १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर दोन्ही हातांनी टॅपिंग करताना दिसतो. अमेरिकेत जिमी वेबस्टरने १९५० च्या दशकातच या पद्धतीवर पुस्तक लिहिले होते. ‘पहिला’ हा किताब बहुधा ज्याचा पुरावा शिल्लक राहिला त्याला मिळतो.

४/ विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली गोष्ट १९७८ पर्यंत बहुतेकांच्या कानांवरून का निसटली?

उत्तर बँडच्या घडणीत सापडते. ‘हॉगवीड’मध्ये हॅकेटची गिटार टोनी बँक्सच्या कीबोर्डशी इतकी एकजीव झाली आहे की कोणता स्वर कोणाचा, हे अनोळखी कानाला उमगत नाही. रंगमंचावरही तेच. हॅकेट खुर्चीवर बसून, मान खाली घालून वाजवी. आणि समोर पीटर गॅब्रिएल १९७२ पासून कोल्ह्याचा मुखवटा व लाल झगा घालून उभा! प्रेक्षकांनी पाहावे तरी कोणाकडे? ‘इरप्शन’मध्ये याउलट गिटार जवळजवळ एकटीच आहे. तंत्र तेच, परंतु तिथे ते झाकायला काहीच नाही.

५/ चाहत्यांची खरी चूक येथेच आहे. टॅपिंगच्या श्रेयासाठी भांडताना ते वेगाचे, चमत्कृतीचे, म्हणजे व्हॅन हेलनचेच माप हॅकेटला लावतात. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मधील त्याचा प्रसिद्ध सोलो ऐकावा. त्यात टॅपिंग नाही, घाई नाही. ती सुरावट मुळात बँक्सची. आधी ती गॅब्रिएलच्या बासरीवर येते. हॅकेट ती संथ करतो, एकेक स्वर लांबवतो, आणि दुसऱ्याची सुरावट कायमची त्याची होऊन जाते. असे काम ‘शोध’ या रकान्यात बसत नाही, म्हणून ते कमी मोलाचे ठरावे काय?

६/ बँडमध्ये आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळत नाही, या कारणाने हॅकेट १९७७ मध्ये बाहेर पडला. ‘इरप्शन’ गाजले त्याच वर्षी, १९७८ मध्ये, जेनेसिसचा पुढील अल्बम आला. उरलेल्या तिघांनी त्याचे नाव ठेवले, ‘अँड देन देअर वेअर थ्री’. गिटार माइक रदरफर्डने वाजवली.