करून पाहू या : बेंबीपासून जमिनीपर्यंत

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करते. तुमची नाही, माझी.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रिंगांची कवायत बसवायची ठरली. रिंग म्हणजे कमरेभोवती गरगर फिरवतात ती. शहरातली मुलं तिला हुलाहूप म्हणतात. मी बाजारातून रंगीत रिंगा आणल्या, सगळ्या एकाच मापाच्या. म्हटलं, म्हणजे भांडण नको! पहिली-दुसरीची पिल्लं दोन दिवसांत मस्त फिरवायला लागली. पण चौथीतली एक मुलगी, उंच, अंगानं भरलेली, तिची रिंग दोन गिरक्या घ्यायची आणि धप्पकन खाली. मुलं हसायची. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? ‘‘अगं, जरा चपळाई दाखव की!’’ तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून ती शाळेतच आली नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गाचं दार लावून घेतलं, पदर खोचला आणि तीच रिंग स्वतः फिरवून पाहिली. धप्प! पुन्हा धप्प! सात-आठ वेळा झालं आणि मग माझी ट्यूब पेटली. आम्हा दोघींचं काही चुकत नव्हतं. रिंगच लहान होती.

असं बघा. आखूड दोराचा झोका भराभर हलतो, लांब दोराचा झोका संथ हलतो. रिंगेचंही थोडं तसंच आहे. लहान आणि हलकी रिंग झटपट फिरवावी लागते, आणि प्रत्येक फेरीला कमरेनं तिला एक धक्का द्यावाच लागतो. तो चुकला की ती घसरलीच. मोठी, जरा वजनदार रिंग सावकाश फिरते, कमरेला धक्का द्यायला सवड देते. म्हणून शिकणाऱ्यानं मोठी रिंग घ्यायची आणि तरबेज झाल्यावर लहान. आपण नेमकं उलटं करतो. दुकानात मिळते ती घेतो आणि पडली की मुलाला बोल लावतो. (हे वाक्य पालकांसाठी. मुलांनो, ते तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा!)

तर आपली रिंग आपणच करायची. आता नळी कुठली घ्यायची?

आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, त्यामुळे ठिबकची काळी नळी पायलीला पन्नास. मी आधी तीच घेतली, १६ मिलिमीटरची. वाकायला सोपी, जोडायलाही सोपी, कारण ठिबकच्या दुकानात तिचा जॉइनर तयार मिळतो. पण तिची भिंत पातळ. जोरात वाकवली की एका जागी मोडल्यासारखी दुमडते, आणि एकदा दुमडली की तिथं कायमची खोच राहते. शिवाय फार हलकी. लहान मुलांच्या कवायतीला हातात धरायला ठीक, कमरेवर शिकायला नाही.

बागेला पाणी घालायची मऊ नळी तर मुळीच नको. ती गोल राहतच नाही, लोंबते. पांढरा पीव्हीसी पाइप उलट्या टोकाचा. तो ताठ, गोल वळायला तयार नाही. बळेच वळवला तर तडकतो, आणि त्याचा तुटका काठ फार धारदार असतो.

मला पसंत पडली ती नळजोडणीची एचडीपीईची काळी नळी. निळे पट्टे असलेली, गुंडाळीत मिळते. २० मिलिमीटरची घ्या. मोठ्या माणसांना २५ ची चालेल. मात्र एक लक्षात ठेवा. या नळीचं माप बाहेरून बाहेर धरतात, आणि बागेच्या नळीचं ‘अर्धा इंच’ म्हणजे आतल्या भोकाचं माप. दुकानदाराशी माझी यावरून पाच मिनिटं हुज्जत झाली होती. दोघंही बरोबर होतो! आणि दुकानात मोठ्या गोलाची गुंडाळी असेल तर तिच्यातली नळी मागा. लहान गुंडाळीत घट्ट बसलेल्या नळीला आवळायची सवय लागलेली असते, मग रिंग अंड्यासारखी होते.

आणि हो, शेतात चालू असलेली नळी कापू नका हं. बाबा रिंग नाही, तुम्हालाच फिरवतील. जुनी काढून टाकलेली नळी विचारून घेतलीत तर ती आतून-बाहेरून नीट धुवा, तिच्यातून खतं-औषधं गेलेली असतात.

आता माप. जमिनीवर ताठ उभे राहा. एक सुतळी बेंबीवर धरा आणि जमिनीपर्यंत सोडा. तेवढा तुमच्या रिंगेचा व्यास. नवशिके असाल तर बेंबीच्या वर चार बोटं धरा. साधारण १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ७५ सेंटिमीटरची रिंग पुरते, १४० उंचीच्या मुलाला ९० च्या आसपासची. पण आकडे पाठ करू नका, सुतळीच खरी. बसल्या जागी अंदाज बांधला तर माझ्यासारखी फजिती होते.

नळी किती कापायची? सातवी-आठवीतले लगेच म्हणतील, व्यासाला २२ भागिले ७ नं गुणा. शाब्बास! लहानांनी सुतळीच वापरावी. नळीवर सुतळी तीनदा मोजा आणि वर सुतळीचा सातवा भाग जोडा. ७५ सेंटिमीटरला साधारण २३६, ९० ला २८३ सेंटिमीटर नळी लागते. शंका असेल तर थोडी जास्तच कापा. जास्तीची नंतर कापता येते, कमी पडलेली वाढवता येत नाही. हे मी पहिल्याच रिंगेत शिकले.

कापायचं काम आई-बाबांचं. लोखंड कापायच्या करवतीनं सरळ काप घ्या आणि काठ कानशीने घासा. जोडायला आठ-दहा सेंटिमीटरची लाकडी खुंटी लागते, नळीच्या भोकापेक्षा केसभर जाड. नळीचं टोक मिनिटभर उकळत्या पाण्यात धरलं की मऊ पडतं. मग खुंटी अर्धी आत सारायची. दुसऱ्या टोकाचंही तसंच. गार झालं की घट्ट आवळतं. हेही मोठ्यांनीच करायचं, आणि मेणबत्ती किंवा गॅसवर नळी कधीच धरायची नाही. ती पेटते आणि जळते थेंब टपकतात. सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा. खिळा, स्क्रू काही नको, तोच पोटाला ओरबाडतो.

सबंध रिंगेवर कापडी पट्टी गुंडाळली तर दिसते छान, आणि गुळगुळीत नळीपेक्षा कमी घसरते. आमच्या मुलांनी जुन्या साड्यांच्या काठाच्या पट्ट्या गुंडाळल्या. काठापदराची रिंग पाहिलीय कधी? नायलॉनचा झुळझुळीत फ्रॉक घालून मात्र सराव करू नका, सुती कपड्यावर रिंग जास्त टिकते.

गंमत म्हणजे १९५८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या व्हॅम-ओ कंपनीनं ज्या हुलाहूप विकून सगळ्या देशाला वेड लावलं, त्याही पॉलिथिनच्या नळीच्याच होत्या. म्हणजे आपल्या काळ्या नळीची सख्खी चुलत बहीण! आणि ही कल्पना त्यांना ऑस्ट्रेलियातल्या मुलांवरून सुचली. तिथली मुलं शाळेच्या व्यायामाच्या तासाला बांबूची कडी फिरवायची.

तर ती चौथीतली मुलगी. मी तिच्या घरी गेले. सोबत सुतळी नेली होती. तिच्या आईसमोर तिला उभं करून माप घेतलं, आणि ‘‘माझं चुकलं गं’’ असंही म्हटलं. ते म्हणताना जीभ जरा जड झाली, खरं सांगते. माप आलं ९० सेंटिमीटर. वर थोडं धरून आम्ही ९५ ची रिंग केली, जवळजवळ ३ मीटर नळी लागली. वाण्याच्या काट्यावर ती पावणेचारशे ग्रॅम भरली. ठिबकच्या नळीची तेवढीच रिंग दीडशेच्या आतबाहेर होती. पहिल्या दिवशी सहा गिरक्या झाल्या. आठवड्यानं मोजायचं सोडून दिलं. स्नेहसंमेलनात ती मधोमध उभी होती आणि तिच्या भोवती आमची पिल्लं, प्रत्येकाच्या हातात आपापल्या बेंबीच्या मापाची रिंग. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती.

नंतर आईनंच विचारलं, ‘‘बाई, माझ्या मापाची होईल का हो?’’ २५ मिलिमीटरची नळी आणली आहे. या रविवारी करणार आहोत.

तुम्ही केलीत तर मला कळवा. पत्रात तुमची उंची, रिंगेचा व्यास आणि पहिल्या दिवशीच्या गिरक्या, तिन्ही लिहा. पडली असेल तर तेही लिहा, माप कुठं बदलायचं ते आपण बघू.