पोटापाण्याचा खरा प्रश्न

‘पोटापाण्याचा प्रश्न’ म्हटले म्हणजे मिळकतीचा प्रश्न, असा अर्थ घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु पोट आणि पाणी हे दोन शब्द भाषेने एकत्र बांधले ते काही उगीच नव्हे. पाणी बिघडले असता उत्तमोत्तम अन्नही पोटास उपकारक होत नाही, आणि पोट बिघडले असता मिळकतीची घडी विसकटण्यास वेळ लागत नाही. वणी हे व्यापाराचे गाव. कापसाचा भाव, सोयाबीनची आवक, कोळशाची वाहतूक ह्यांची चर्चा येथे पेठेत दररोज होते. पण मृग लागून निर्गुडेस गढूळ पाणी आले म्हणजे हगवण, ओकारी, कावीळ, विषमज्वर ह्यांचे जे दिवस येतात, त्यांची चर्चा दवाखान्याच्या ओसरीपलीकडे जात नाही. जो तो आपल्या पोटास दोष देतो, बाहेरच्या खाण्यास दोष देतो, आणि शेवटी नशिबास दोष देतो. ज्या नळाचे व ज्या विहिरीचे पाणी सर्वांच्या पोटात जाते, त्याविषयी विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. आजचा हा लेख त्या विचारण्याविषयी आहे.

अलीकडे ‘आतड्यांचे आरोग्य’ हा शब्द फार बोकाळला आहे. औषधांच्या दुकानांत त्यासाठी गोळ्या, पुड्या व बाटल्या मिळतात, आणि सुशिक्षित गृहस्थ त्या मोठ्या श्रद्धेने घेतात. ह्या शब्दामागील शास्त्र खोटे नाही. मनुष्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. धान्य, डाळी व भाज्या ह्यांतील जो तंतुमय भाग आपल्यास पचत नाही, त्यावर हे जंतू निर्वाह करतात, आणि त्याच्या मोबदल्यात अशी आम्ले तयार करतात की ज्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण चालते. तात्पर्य, ह्या वस्तीस रोज खाद्य मिळणे हे पोटाच्या आरोग्याचे एक मुख्य कारण होय. पण हे खाद्य बाटलीतून विकत घेण्याचे आमच्या वऱ्हाडास काय प्रयोजन, हे आम्हांस कळत नाही.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, कण्या व डाळ घालून शिजविलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आंबील आणि ताक, हे आमच्या पूर्वजांचे रोजचे जेवण. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तितक्याच मैद्यात तीनाच्या आत. प्रौढ माणसाने दिवसास निदान पंचवीस ग्रॅम तंतू खावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा हिशेब व्यापाऱ्यांस आम्ही समजावून सांगावा असे नाही. गव्हाची पोळी वाईट असे आमचे म्हणणे नाही. कोंड्यासकट दळलेल्या कणकेतही तंतू भरपूर असतात. वाईट आहे तो मैदा, आणि त्याची बिस्किटे, पाव व खारी ह्यांनी मुलांच्या डब्यात मांडलेले ठाण.

खरा अडथळा शास्त्राचा नसून प्रतिष्ठेचा आहे. ज्वारी म्हणजे गरिबाचे धान्य, पाहुण्यास भाकरी वाढणे म्हणजे कमीपणा, अशी समजूत मध्यमवर्गात रुजली. तिकडे शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि जे धान्य घरच्या कणगीत असे ते विकत आणण्याची पाळी आली. मौज अशी की, भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आंबील आणि अंबाडीच्या भाजीवाचून त्यांचा नैवेद्य पुरा होत नाही. जे अन्न देवीस चालते, ते वर्षाचे उरलेले दिवस आपल्या पंक्तीस का चालू नये? २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून जगभर पाळले. जगाने ज्वारीस मान दिल्यावर तरी आम्ही तिची लाज धरणे सोडावे.

येथवर आमच्याशी सहमत होणारे पुष्कळ निघतील, कारण आपल्या जुन्या अन्नाची स्तुती ऐकणे कोणासही गोड लागते. पण ह्याच ठिकाणी थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. ताक म्हणजे दह्यात घातलेले पाणी; ते पाणी दूषित असेल तर विरजणातील उपकारक जंतूंच्या भरवशावर राहणे व्यर्थ आहे. कच्ची कोशिंबीर ज्या पाण्याने धुतली, त्या पाण्याचे गुणदोष घेऊनच ती ताटात येते. जुने ते सगळे पवित्र आणि नवे ते सगळे भ्रष्ट, हा वाद येथे उपयोगाचा नाही. पूर्वजांच्या ताटात भाकरी होती हे जितके खरे, तितकेच त्यांच्या गावांत पटकीने घरेच्या घरे ओस पडत हेही खरे आहे. भाकरीने पटकी थांबली नाही. ती थांबली ती शुद्ध पाण्याने.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले. ही गोष्ट जुनी व परदेशची म्हणून कोणी सोडून देईल, तर पुण्याची ताजी गोष्ट ऐकावी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलान-बारे नावाच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. ह्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातपाय लुळे पडतात, आणि प्रसंगी श्वासासाठी यंत्र लावावे लागते. कित्येक रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जंतू आढळला, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या शहरात जे घडले, ते वणीत घडणार नाही असे कोणत्या आधारावर म्हणावे?

ह्यावर सधन गृहस्थाचे उत्तर ठरलेले आहे: “आम्ही यंत्र बसविले आहे”, किंवा “आम्ही जार घेतो.” जारातील पाणी थंड असते हे खरे, पण थंडपणा हा शुद्धतेचा दाखला नव्हे. घरच्या यंत्राविषयी आमची तक्रार निराळी आहे. ज्याच्या घरी यंत्र आले, त्याने नगर परिषदेकडे पाण्याबद्दल विचारणे सोडले. आणि ज्यांच्या बोलण्यास गावात वजन आहे तेच गप्प बसल्यावर, अडत्याकडच्या हमालाने आणि वस्तीवरच्या मोलकरणीने विचारावे तरी कोणाच्या बळावर? शिवाय रोग उंबरठा ओळखत नाही. ज्या पोऱ्याने उपाहारगृहातील कपबशी विसळली, त्याचे हात व त्याचे पाणी शेटजींच्या ओठांपर्यंत पोहोचतेच.

आमच्या भागास आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे जरूर आहे. यवतमाळ व चंद्रपूर ह्या दोन जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे, आणि वणी तालुका ह्या दोन्हींच्या सीमेवर आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड भारतीय मानकाने योग्य धरले आहे. दुसरे पाणी नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षे ते पोटात गेले तर दात डागाळतात, हाडे ताठरतात, आणि पोटदुखी व मळमळही जडते. असे पाणी स्वच्छ दिसते, चवीस लागते ठीक, आणि उकळल्याने सुधारत नाही. उलट वाफ गेल्याने फ्लोराइडचे प्रमाण वाढते. म्हणून बोअरच्या पाण्याची तपासणी हाच उपाय, आणि दोष निघाल्यास दुसरे पाणी किंवा योग्य यंत्र. अन्नाची मदतही येथे थोडी होते. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात तिकडच्या आरोग्य संशोधकांनी फ्लोराइडग्रस्त गावांत चकोडा खाण्याचा प्रसार केला, कारण त्यात कॅल्शियम पुष्कळ असते. चकोडा म्हणजे आमच्या बांधावर पहिल्या पावसात उगवणारा तरोटाच होय. पण तो पाण्याचा पर्याय नव्हे, सोबती आहे.

घरी करण्याच्या गोष्टी थोड्या व स्वस्त आहेत. पावसाळ्यात पाणी गाळून उकळावे. बांगलादेशातील मतलब भागात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आजीचे फडके हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मात्र गाळणे ही उकळण्याची पूर्वतयारी समजावी. माठात हात न बुडविता लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. मुलास जुलाब झाले तर दूध-पाणी तोडण्याची जुनी चाल प्राणघातक आहे. लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनी अशाच जलसंजीवनीने असंख्य प्राण वाचविले. शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल झाले तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टर गाठावा.

आता सार्वजनिक कर्तव्याकडे वळू. नगर परिषद नेहमी निधीची अडचण सांगते. तिला १९८० सालच्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्याची आठवण करून द्यावी. उघड्या गटारांस कंटाळलेल्या रतलामच्या रहिवाशांनी मॅजिस्ट्रेटाकडे धाव घेतली, नगरपालिकेने पैसा नसल्याचे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ही सबब धुडकावून लावली. १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य ह्या खटल्यात त्याच न्यायालयाने निर्मळ पाणी हे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात मोडते असे सांगितले. म्हणजे नागरिक पाणी मागतो तेव्हा तो भीक मागत नाही.

मग मागावे काय? आमची मागणी साधी आहे. नळाच्या शेवटच्या टोकास लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरते की नाही, आणि शंभर मिलिलिटर पाण्यात शौचातून येणारा ई-कोलाय जंतू निघतो की नाही, ह्याचे आकडे दर आठवड्यास प्रभागवार फलकावर लावावेत. भावफलक रोज लागतो, तर पाण्याचा का लागू नये? न लावल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर ते मागता येतात, आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक प्रभागातून असा एक अर्ज जावा. व्यापाऱ्यांनी दुकानापुढच्या पाणपोईची व जाराची तपासणी आधी करून घ्यावी, आणि लग्नाच्या पंक्तीत भाकरी व ताक मानाने वाढून नवा पायंडा पाडावा.

१९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे पुढारीपण करणारे लोकनायक बापूजी अणे ह्याच वणीत जन्मले. परक्या सरकारास जाब विचारण्याचे धैर्य ज्या गावच्या मातीत होते, त्या गावाने आपणच निवडून दिलेल्या प्रतिनिधींस पाण्याचा हिशेब विचारण्यास कचरावे, हे शोभत नाही. भाकरी ज्याची त्याने आपल्या घरी सुधारावी. पाणी मात्र सर्वांनी मिळूनच सुधारावे लागते, आणि त्यास सुरुवात करण्यास पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.